शेवटचा पीळ

"मिस्त्री, संध्याकाळच्या आत गाडी चाकांवर उभी राहील ना?"

"राहील, बाई."

"सगळे मिस्त्री असंच म्हणतात."

मिस्त्री गाडीखाली होता. त्याचे फक्त बूट दिसत होते. गाडी जुन्या काळातली, गोल पाठीची, आता रस्त्यावर सहसा न दिसणारी. घराला लागून असलेल्या गॅरेजात तिचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर चढवला होता आणि चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती. बाई दाराजवळ घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. तिथून रस्ता दिसायचा.

"हे यायच्या आत व्हायला हवं," त्या म्हणाल्या. "सकाळी भांडण झालं आमचं. मी गाडीला खटारा म्हटलं. खड्डा आला की मणका डोक्यात शिरतो म्हटलं. तर काही न बोलता निघून गेले."

"येतील."

"तुम्हाला काय माहीत? गाडीला बोललेलं त्यांना चालत नाही. मला बोललेलं चालतं!"

गाडीखालून हसल्यासारखा आवाज आला.

मिस्त्रीने आधी दोन्ही शॉकअप काढले, मग मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट. जुन्या गाडीचे नट गंजून धरून बसतात, शिव्या खाल्ल्याशिवाय सुटत नाहीत. हे मात्र पाना लावताच फिरले. डावा पाटा ओढत तो बाहेर आला.

बाई वाकून बघू लागल्या. "हा तर चांगला दिसतोय. उगाच काम वाढवताय की काय?"

"वरून चांगलाच दिसतो. आतला ताण गेलेला बघणाऱ्याला कळत नाही."

त्याने कोपऱ्यातलं गोणपाट उलगडून पाट्यांची दुसरी जोडी काढली. बोल्टच्या जागी तिचा काळा रंग आधीच खरवडलेला होता. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. रस्त्यावर कुणाची तरी गाडी वळली होती. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. ती गाडी पुढे निघून गेली.

"मी जरा कोपऱ्यापर्यंत बघून येते."

"बाई, तो पाना द्या बघू," मिस्त्री घाईने म्हणाला. "तो नाही, मोठा. आणि हा दिवा धरा. तुम्ही गेलात तर काम अडेल माझं."

त्या कुरकुरत बसल्या. दिवा मात्र नीट धरला. उजेड मिस्त्रीच्या अंगावर पडला.

"शर्टाची बटणं एक घर चुकलीत तुमची. बायको बघत नाही वाटतं?"

"बघायची."

"आणि आता?"

"आता तिचं लक्ष नसतं."

"तुम्ही बोलत नसाल तिच्याशी. पुरुष मेले सगळे सारखेच. गाडीशी दिवसभर बोलतील आणि घरात आले की मुके."

पाट्याचं टोक जागेवर बसत नव्हतं. खांदा लावून मिस्त्रीने ते बसवलं.

उन्हं उतरली तेव्हा चाकं चढली आणि गाडी जमिनीवर आली. मिस्त्रीने मागचं दार उघडलं.

"बसा."

"मी कशाला?"

"नटांना शेवटचा पीळ द्यायचा तो गाडीवर वजन असताना. अधांतरी आवळले तर आतलं रबर पिळवटतं आणि फाटतं."

बाई बसल्या. मिस्त्री पुन्हा खाली गेला. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "मिस्त्री, येतील ना हो हे?"

पाना करकरला आणि थांबला.

"दिवे लागायच्या आत येतील."

मग त्याने त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. टोकाशी मोठा खड्डा होता. मिस्त्रीने आरशात पाहिलं. बाई खिडकीबाहेरच्या माणसांचे चेहरे बघत होत्या. खड्डा आला आणि गेला, त्यांना कळलंही नाही.

"झाला का खड्डा?" त्यांनी मागाहून विचारलं. "अगंबाई! खटारा म्हणायची सोय नाही उरली."

घरी येताच त्या केस नीट करायला आत गेल्या.

मिस्त्रीने गॅरेजचं दार ओढून घेतलं. जॅक पुन्हा गाडीखाली सरकवला, गाडी घोड्यांवर चढवली, चाकं काढून भिंतीला टेकवली आणि मघाशी आवळलेले नट एकेक करून सैल केले. आधी उतरवलेले पाटे पुसून गोणपाटात गुंडाळून ठेवले.

मग त्याने घासून घासून हात धुतले. कामाचे कपडे खिळ्याला अडकवले आणि तिथलाच इस्त्रीचा शर्ट घातला. बटणं वरपासून खालपर्यंत तपासली. घराला वळसा घालून तो पुढच्या दाराशी आला. किल्ली खिशात होती, तरी त्याने बेल वाजवली.

दार उघडलं.

"आलात!" बाईंनी त्याचा हात धरला. "रागावलात का हो? बघा, गाडी नीट करून घेतली मी. मिस्त्री घरीच आला होता."

"काम बरं केलं का त्याने?"

"कामाला चोख आहे. पण फार एकटा वाटला हो मला. उद्या आला आणि तुम्ही घरी असलात, तर दोन शब्द बोला त्याच्याशी."