ताईचा निकाल

तिसऱ्या शर्यतीतही ताई शेवटचीच आली आणि दाजींची छाती आनंदाने फुगली.

ताईच्या धाकट्या भावाला काही कळेना. स्वतःच्या गेममध्ये स्वतःची बायको शेवटची येते आणि हा माणूस नाचायचा तेवढा बाकी आहे. पण दाजींचा हिशेब वेगळा होता. ताई ॲम्ब्युलन्स चालवायची. खऱ्या रस्त्यावर रोज खरी गाडी हाकणारं त्या खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. दाजींकडे लायसन्स होतं, पण पार्किंगमध्ये गाडी लावताना त्यांना घाम फुटायचा. धाकट्याकडे तर लायसन्सही नव्हतं. अशा या दोघांनी मिळून गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम काढायचं ठरवलं होतं, आणि भांडता भांडता दोन काढून ठेवले होते.

दाजींचा गेम म्हणजे अस्सल काम. त्यात टायर तापायचे. टाकी रिकामी होत गेली की गाडी हलकी व्हायची. ओल्या रस्त्यावर खरी गाडी घसरेल तेवढीच ती घसरायची, बोटभरही जास्त नाही. यासाठी दोन वर्षं त्यांनी जेवणाच्या टेबलावर ताईचं डोकं खाल्लं होतं. पावसात ब्रेक कसा लागतो, उतारावर वजन कुठे जातं, एक ना दोन. तीही बिचारी घास हातात धरून सांगायची. उत्तर कितीही लांबलं तरी त्याचं शेपूट ठरलेलं असायचं, धक्का बसता कामा नये.

धाकट्याचा गेम म्हणजे निव्वळ धुडगूस. गाडी पुलावरून उडायची, फळांच्या गाड्या उधळायची, भिंतीवर आदळून पुन्हा नव्यासारखी चकचकीत व्हायची. बाजारात दोन्हींपैकी एकच उतरवता येणार होता, दुसरा कायमचा कपाटात जाणार होता. वाद इतका विकोपाला गेला, की साला आणि दाजी शेजारी बसूनही ताईमार्फत बोलू लागले. शेवटी तीच वैतागून म्हणाली, की सुट्टीच्या दिवशी येते आणि काय तो सोक्षमोक्ष लावते. ती निवडेल तो गेम, हे दोघांनी कबूल केलं. दाजींनी तर हसत हसत कबूल केलं. रोज खरा रस्ता तुडवणारी बाई असला पोरखेळ कशाला निवडेल, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

आणि आज ती खात्री वाढतच चालली होती. ताईने गेमच्या स्टीअरिंग-पेडलसमोर बसल्या बसल्या खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरचा आरसा आधी नीट करून मागितला. वळण दिसण्याआधीच ती वेग उतरवायची. खड्ड्याजवळून गाडी अशी न्यायची, की जणू आत काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलंय. बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या, तिला त्याचं काही नव्हतं. तिची नजर मात्र घडीघडी आरशात जायची. मागून कोण येतंय ते बघतेय, याला म्हणतात ड्रायव्हर, असं दाजींनी ऐकवलं. त्यावर धाकटा म्हणाला, की शेवटच्या गाडीच्या मागून कोण येणार आहे? दाजींनी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

ताईने तळहात कुर्त्याला पुसले आणि मान चोळली. "अगदी हुबेहूब आहे हो," ती म्हणाली. दाजींना तेवढं पुरे होतं. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर सांत्वनाची थाप मारली.

तरी ठरल्याप्रमाणे दुसरा गेम लावावाच लागला. पहिल्याच वळणावर ताईने सवयीने वेग उतरवला. इथे ब्रेक विसर, धाकट्याने सांगितलं. तिने बिचकत पाय दाबला, गाडी कुंपण तोडून भिंतीवर आदळली आणि ताई श्वास रोखून तशीच बसून राहिली. काहीच झालं नाही. गाडी चकचकीत होऊन पुन्हा रस्त्यावर आली. ताई पडद्यावर आरसा शोधू लागली. आरसा नव्हताच. साधा आरसा बसवायचंसुद्धा या पोराला सुचलं नाही, दाजी पुटपुटले.

मग ताईने पाय दाबला तो उचललाच नाही. संत्री उडाली, टेबलं उडाली, विजेचा खांब आडवा झाला. पुलावरून गाडी हवेत गेली तेव्हा ती मोठ्याने ओरडली आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दाजींना ते हसू ओळखीचं वाटलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ते घरात रोज ऐकू यायचं. ही नोकरी लागल्यावर ते कधी बंद झालं, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना एकदम वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

एक शर्यत झाली, दुसरी झाली. तिच्यासाठी मागवलेला चहा निवून गेला. शेवटी दाजींना राहवेना.

"अगं, पण यात खरं काय आहे? जन्मात तरी तू अशी गाडी चालवशील का?"

ताईने बाहीने डोळे पुसले. स्टीअरिंग मात्र सोडलं नाही.

"नाही चालवणार. पण अहो, आज मागे कोणी झोपलेलं नाही."

पुढची शर्यत दाजींनी स्वतः लावली.