फोटोपुरता टी-शर्ट

"पर्यावरण बायकाच वाचवणार," असं आमच्या मालकीणबाई प्रत्येक भाषणात सांगतात. त्या बायका म्हणजे आम्ही, त्यांच्या कारखान्यात जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवणाऱ्या.

परवा परदेशी पाहुणे येणार होते. रफूवाल्या मावशींच्या बाहीवरचं ठिगळ बघून बाईंनी नाक मुरडलं. "मावशी, आज तरी जरा बरं घालून यायचं. फोटोत हे असलं कसं दिसेल?"

मग खोकं उघडलं आणि प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोरा करकरीत टी-शर्ट आला. त्यावर छापलं होतं, 'नवं घेऊ नका, जुनंच वापरा'. आम्हीही शहाण्यासारखे ते चढवले आणि फोटोसाठी दात दाखवले. घरी एकदा धुतला, तर मेल्याचं पार पोतेरं झालं.

आज सकाळी बाई दारातच अडल्या. "मावशी, टी-शर्ट कुठे आहे तुमचा? टीव्हीवाले येतायत."

मावशींनी सुईवरची नजर काढली नाही.

"वाया नाही जाऊ दिला, बाई. तुम्ही उभ्या आहात त्यावरच. पाय पुसून आत या."