पुरातल्या उसाची काहील

केतकीला काहीही विचारा, ती कानामागच्या टिकलीला बोट लावून उत्तर द्यायची, आणि हेच हौसाक्काला खपत नव्हतं. शाळेनं सगळ्याच पोरांना ही यंत्राची टिकली बसवली होती. प्रश्न पडायचा अवकाश, उत्तर डोक्यात हजर.

आज गुऱ्हाळाची रस आटवायची काहील पहिल्यांदाच नातीच्या हाती होती. मध्ये पडणार नाही, असा शब्द हौसाक्कानं दिला होता.

"उतरवा!" केतकी म्हणाली.

"का गं?"

"उत्तर आलंय, आजी."

"पाण्यात पाकाची गोळी करून बघितलीस?"

"कशाला? टिकली चुकत नाही."

काहील उतरली. पाक थंड करायच्या वाफ्यात ओतला, पण तासाभरानंही गूळ धरला नाही, नुसता चिकट राबडा झाला. टिकलीनं साध्या उसाचा हिशेब धरला होता; हा ऊस पुरात बुडालेला होता. त्याचा रस जास्त आटवावा लागतो. हे सोपान गड्याला ठाऊक होतं, पण टिकलीशी कोण वाद घालणार, म्हणून तो गप्प राहिला.

केतकी रडकुंडीला आली. "उत्तर तर बरोबरच असतं गं नेहमी..."

"चुलाण पेटलं की धूर तरी दाखवतं बाई, तुझ्या डोक्यातनं काहीच बाहेर येत नाही," हौसाक्का कडाडली. "कारण बोलली असतीस, तर सोपानानं तिथंच चूक धरली असती. उद्याही काहिलीवर तूच उभी राहा. पण 'का' ते मोठ्यानं सांगितल्याबिगर माझी काहील उतरायची नाही!"