बरणीतला सोडा

“या पानावर सही होणार नाही,” सविता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी जीनतची प्रयोगवही टेबलावरून तिच्याकडे परत ढकलली.

कार्ल्याच्या त्या शाळेत दहावीला एक्केचाळीस मुलं. चाळिसांच्या वह्यांवर सह्या होऊन त्या टेबलावर रचलेल्या. आज शेवटचा दिवस होता. सही नाही तर प्रात्यक्षिकाचे गुण नाहीत, हे मॅडमनी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

भानगड एका ओळीची होती. खायचा सोडा परीक्षानळीत तापवायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा आणि निवळी दुधाळ झाली की तसं निरीक्षणात लिहायचं. चाळीस जणांनी लिहिलं होतं, ‘निवळी दुधाळ झाली.’ जीनतने लिहिलं होतं, ‘निवळी होती तशीच राहिली. तीनदा करून पाहिलं.’ शिवाय ‘तीनदा’खाली रेघही ओढली होती, चांगली ठसठशीत.

“अगं लिही की,” शेजारच्या प्रेरणाने तिला कोपर मारलं. “दोन शब्दांनी तुझ्या अम्मीची भजी फुगायची राहणारेत का?”

गेल्या वर्षीपर्यंत जीनतने मुकाट लिहिलं असतं. शेजारणीच्या वहीत असेल ते उतरवायचं आणि घंटेकडे कान लावून बसायचं, हा तिचा नेम. पण जूनमध्ये गणिताच्या चाचणीत अख्ख्या वर्गाचं उत्तर एक आलं, हिचं वेगळं आलं, आणि हिचंच बरोबर निघालं. तेव्हापासून तिची मान काही खाली जाईना.

“मॅडम, दिसलं नाही ते कसं लिहू?”

“नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब आले ना? मग झाला की प्रयोग.”

“मॅडम, पावसाळ्यात आमच्या घरी मिठालाही पाणी सुटतं.”

वर्ग खदखदून हसला. मॅडमच्या भुवया चढल्या. “मग तुझी निवळीच खराब असेल.”

जीनत हेच ऐकायला टपून बसली होती. तिने उरलेल्या निवळीत काचेची नळी बुडवली, गाल फुगवले आणि फुंकायला लागली. बुडबुड, बुडबुड. “म्हशीला पाण्यातून काढा रे कुणीतरी!” मागच्या बाकावरून आवाज आला. जीनत थांबली नाही. तिचे कान लाल झाले आणि निवळी ताकासारखी पांढरी.

“निवळी चांगली आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “पुस्तकही चांगलं आहे. बरणीत घोळ आहे.”

आणि तिने कंपासपेटीतून कागदाची पुडी काढली. लेण्यांच्या पायथ्याला तिच्या अम्मीची भज्यांची गाडी होती. त्या गाडीवरचा खायचा सोडा तिने सकाळी बांधून आणला होता.

“मॅडम, कांदा चिरायला घेऊ का?” मागचा आवाज पुन्हा.

जीनतने सोडा कोरड्या परीक्षानळीत घातला, बूच बसवलं, वायूच्या नळीचं टोक नव्या निवळीत सोडलं आणि दिवा पेटवला. हेही फसलं तर सही जाणार होती, आणि वर्षभर वर्ग तिला म्हैस म्हणणार होता. आधी काहीच झालं नाही. मग एक बुडबुडा आला. मग रांगच लागली. निवळीत धुकं उतरावं तसा पांढुरका ढग पसरला आणि बघता बघता पलीकडची खिडकी दिसेनाशी झाली.

मागचा बाक उठून उभा राहिला.

मॅडमनी टेबलावरची सोड्याची बरणी उचलली, उजेडात धरली. “नथूभाऊ, हा सोडा कधी आणलेला?”

दाराशी नळ्या विसळणारे लॅबचे नथूभाऊ हात पुसत पुढे आले. चेहऱ्यावर शाबासकी घ्यायला आल्यासारखा आनंद.

“आणायचा कशाला, मॅडम? पोरं तापवत्यात, आन् गार झाला की मी परत बरणीत वततो. तापवायच्या आदी पांढरा, तापवल्यावर बी पांढराच. लय वर्सं झाली, चिमूटभर वाया जाऊ दिला न्हाई. तुमी हितं दहावीला व्हता ना, त्याच्या बी आदीपासनं!”

एकदा तापवला की तो खायचा सोडा राहतच नाही, धुण्याचा सोडा होतो. मग त्याला कितीही भाजा, वायू सुटायचा नाही. हे समीकरण फळ्यावर होतं, मॅडमच्याच वळणदार अक्षरात. चाळीस पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. बरणीतून जे निघूच शकत नव्हतं, ते चाळिसांना दिसलं होतं.

“जिंकलीस. आता बस खाली,” प्रेरणाने तिची बाही ओढली.

जीनत बसली नाही.

“मॅडम, तुम्ही दहावीत होतात तेव्हा झाली होती का हो दुधाळ?”

प्रेरणाने डोळेच मिटून घेतले. मॅडमनी बरणी खाली ठेवली. जीनतची वही ओढून घेतली, त्या रेघ ओढलेल्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि खाली सही केली. मग पेन बंद करून सगळ्या वर्गाकडे बघत म्हणाल्या,

“झाली नव्हती. तरी मी लिहिलं होतं.”