जोडीने उभं राहायची कमान

“जपानच! लग्नाला पंचवीस वर्षं झाली, एवढं तरी ऐका माझं,” मालतीबाई ट्रॅव्हल ऑफिसात ठासून म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, धारपांनी, जपानचं माहितीपत्रक हळूच उलटं करून ठेवलं. जपानच्या विमानतळावरही नुकतीच मनकमान बसवली होती. सत्यनारायणाला बसावं तसं नवराबायकोने जोडीने तिच्याखाली उभं राहायचं, की एकाने दुसऱ्यापासून दडवलेलं समोरच्या पडद्यावर उमटायचं. मालतीबाईंची आई गेली त्या दिवशी इस्पितळातून आलेला फोन धारपांनी आपली दुपारची झोप मोडू नये म्हणून कापला होता. बायकोला सांगितलं होतं, रेंज नव्हती.

“मॉरिशसला समुद्र छान आहे म्हणे,” ते कसंबसं म्हणाले.

“आणि मनकमान नाही!” एजंट शेवडे मिश्कील हसले. “म्हणून तर साहेब, हल्ली सगळी जोडपी तिकडेच पळतात. जपानला फक्त एकटेदुकटे.”

आता ही खोदून खोदून विचारणार, या धास्तीने धारपांनी बायकोकडे पाहिलं. मालतीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“जपानलाही बसवली का ती?” त्या पुटपुटल्या. “मग मॉरिशसच बरं. आजच बुकिंग करून टाका, भाऊ.”

धारपांनी सुटकेचा श्वास घेतला आणि तो अर्ध्यावरच अडकला. पंचवीस वर्षांत ती कुठल्याच गोष्टीला इतक्या लवकर कबूल झाली नव्हती.