दारासाठी आणलेला रंग

दादा आमची सायकल घेऊन गेला, त्याला तीन वर्षं झाली. तो आला नाही, सायकलही नाही. घरात बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून मी भंगारवाल्याकडून एक जुनाट सायकल उचलली.

"तुझ्या जन्माआधीपासून इथंच टांगलीये," तो म्हणाला. "ने बाबा, माझी भिंत तरी सुटेल."

रोज पॉलिश पेपरनं घासतो. काळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली लाल. लोखंड काही लागेना.

आज लालखाली निळा निघाला. दाराचा उरलेला रंग दादानं आमच्या सायकलीला फासला होता, तोच. ब्रशचे केसही तसेच चिकटलेले.

आईला दाखवायलाच नको होतं.

"त्याचीच आहे," ती म्हणाली. "घास अजून."

"आई, ही दुसरी आहे गं. दादा घरी होता तेव्हाही ही दुकानातच होती."

"तू घास."

घासलं. निळ्याखाली पुन्हा निळाच. मग तो ओला लागायला लागला. कोमट.

आईनं माझं मनगट धरलं.

"हळू रे. लागतंय त्याला."

मी थांबलो. कण्हणं मलाही ऐकू आलं होतं.