बत्तीसशे डॉलरांची पंगत

“हे तुम्ही कळवलंतच कशाला?” असं डोरीन हॅस्केलच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या कचेरीत एकवीस वर्षं काढलेल्या बाईला असलं काही बोलता येत नाही. तिने नॉर्मन मिशोचं पत्र टेबलावर सरळ करून ठेवलं आणि चष्मा पुसला.

समोर नॉर्मन बसला होता, चर्चला जायचा कोट घालून. शेजारी त्याची मुलगी जोसेट. दोघं पाच तास गाडी हाकत आले होते. नॉर्मन कामाला होता ती कागद गिरणी बंद पडली तेव्हा कॉलेजने जोसेटची मदत वाढवून दिली होती, तरी थोडं कमीच पडत होतं. मग मे महिन्यात गावाने आगीचे बंब बाहेर काढून त्यांच्या शेडमध्ये बीन्सची पंगत घातली. तिकीट लावून बत्तीसशे डॉलर उभे केले. नॉर्मनला इतकं भरून आलं, की त्याने कॉलेजला चार पानी पत्र लिहिलं. बीन्स कुणी शिजवले, पाव कुणी भाजले, सगळं नावानिशी. पंधरा दिवसांत उत्तर आलं. कॉलेजने अभिनंदन केलं होतं, आणि बाहेरून बत्तीसशे मिळाले म्हणून आपली मदत बत्तीसशेने कमी केली होती.

म्हणजे घ्या! गाव चुलीपाशी राबलं आणि पैसे वाचले कुणाचे, तर कॉलेजचे. हा असला भाबडेपणा आमच्या उत्तरेकडच्या लोकांनाच जमतो.

डोरीनने नियम शांतपणे समजावून सांगितला. भेट मिळाली की गरज तेवढी कमी झाली, असं धरतात. डोक्यावर देणं असेल तर मात्र मदत कापत नाहीत. एवढ्या रकमेपुरता निर्णय तिच्याच सहीवर होता. शुक्रवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि जोसेट फ्रेंच फ्राईजच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहणार होती. तिथला अर्ज तिने भरूनही ठेवला होता.

मग डोरीनने खिडकीकडे बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, की पंगत कदाचित घरखर्चासाठी असेल का? हिवाळ्याचं तेल वगैरे? तसं असेल तर तिला काही करता येईल.

नॉर्मन म्हणाला, छे, छे. ‘जोसेटच्या कॉलेजसाठी’ असंच लिहिलं होतं. पोस्टाच्या दारावर कागद त्याने स्वतः चिकटवला होता.

जोसेटने डोळे मिटून घेतले. बापावर तिचा फार जीव होता, पण त्या घडीला त्याचा गळा धरावा असं तिला वाटलं.

“पापा,” ती म्हणाली, “शनिवारी आपण कुठे जाणार आहोत ते सांग यांना.”

“त्याचा इथे काय संबंध?”

तो सांगेना, तेव्हा तीच बोलली. शनिवारी लेमे कुटुंबासाठी पंगत होती, त्यांचं कोठार जळलं होतं. मे महिन्यानंतरची ही चौथी पंगत. चारही ठिकाणी मिशोंचे बीन्स, मिशोंचं सरपण, आणि बटाटे सोलायला जोसेट. ज्याच्यासाठी पंगत झाली त्याने पुढच्या प्रत्येक पंगतीला चुलीपाशी उभं राहायचं. हे कुणी कुणाला सांगत नाही. आजोबांचा पाय मोडला तेव्हा त्यांची पंगत झाली होती, तर ते मरेपर्यंत एक पंगत चुकले नाहीत. शेवटी शेवटी काठी टेकून पाव कापायचे. आता हे जोसेटच्या वाट्याला आलं होतं. कॉलेजला गेली तरी पंगतीच्या शनिवारी पाच तासांची बस धरून घरी यायचं, हे तिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. नॉर्मन अवघडून गेला. घरातली गोष्ट परक्या टेबलावर मांडल्यासारखी वाटली त्याला.

“म्हणजे हे पैसे उसने घेतलेत, असं म्हणायचं का?” डोरीनने विचारलं.

“उसने नाहीत, बाई.” त्याला ते लागलं होतं. “उसने फेडले की माणूस मोकळा होतो.”

डोरीनने खणातून एक वेगळा कागद काढला. वर ‘कुटुंबावरील देणे’ असं छापलं होतं. कुणाचं देणं, या रकान्यात तिने गावाचं नाव लिहिलं. रक्कम लिहिली. त्याखालच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं.

“किती वर्षांत फिटेल, तेही लिहावं लागतं,” ती म्हणाली.

नॉर्मनला खरोखरच हसू आलं. कचेरीत शिरल्यापासून पहिल्यांदाच.

“फिटलं तर मग कोण कुणाच्या पंगतीला जाणार?”

डोरीनने त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि खाली सही केली.